पिकविणाराहि तोच, खाणाराहि तोच

शेतकऱ्याच्या हिताची गोष्ट निघाली कीं धान्याचा भाव चढावा कीं उतरावा, एवढ्यावर वाद येऊन थांबतो. पिकविणारा एक व खाणारा दुसरा, असें ह्या वादांत गृहीत धरलेलें असतें. परंतु भारतांतील सुमारें ८६ टक्के वहितीचीं खातीं दोन हेक्टरांच्या आंतलीं असल्याचें २०१५-१६ च्या कृषि-गणनेंत दिसून आलें. अशा पुष्कळ घरीं सुगींत देणें भागविण्यासाठीं ज्वारी विकली जाते व पावसाळ्यांत तीच चढ्या भावानें विकत आणावी लागते. ह्या गृहस्थानें कोणत्या पक्षांत बसावें?

रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव्ह यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्याच कोड्यास हात घातला. कारखान्यांत मजुरी वजा करून नफा काढतात. घरच्या माणसांच्या बळावर चाललेल्या शेतींत मजुरीच दिली जात नाहीं, मग नफा कोणता मोजणार? त्यांचें म्हणणें असें कीं, असें कुटुंब खाणारीं तोंडें व राबणारे हात यांचा मेळ घालीत असतें. लहान मुलें वाढलीं कीं वडील माणसें अधिक राबतात. मुलें हाताशीं आलीं कीं भार हलका होतो. ह्या विद्वानास १९३७ सालीं गोळी घालण्यांत आली. १९८७ सालीं तो निर्दोष ठरला.

ही उपपत्ति आम्हांस जशीच्या तशी लागू पडत नाहीं. तेथें पुष्कळ ठिकाणीं ग्रामसमाज कुटुंबाच्या मानानें जमिनीची फेरवाटणी करीत असे. आमच्याकडे तोंडें वाढतात आणि जमीन मात्र वांटपांत तुटत जाते. शिवाय ऊंस-कापसाचा शेतकरी बाजारासाठींच पिकवितो. तथापि तिचें मर्म खरें आहे. सरकारी किंमत-आयोग एका हिशेबांत रोख खर्चाबरोबर घरच्या श्रमांचें मोल धरतो; दुसऱ्यांत स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याजहि मिळवितो. २०१८ पासून हमीभावास पहिल्या हिशेबाची दीडपट आधार धरली जाते. शेतकरी संघटना दुसऱ्याची मागणी करितात. घरच्या माणसाचें व घरच्या जमिनीचें मोल किती, हाच ह्या तंट्याचा गाभा होय.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. गांव-नमुना बारांत पिकांचें क्षेत्र लिहिलें. घरीं किती खाल्लें, ह्याला त्यांत रकाना नव्हता. तो सरकार आंखील, अशी वाट पाहूं नये. प्रत्येक सभासदानें वहींत तीन रकाने आंखावे: विकलें किती, खाण्यास व बियाण्यास ठेविलें किती, आणि विकत आणलें किती. वर्षअखेरीस संस्थेनें ह्या वह्या एकत्र पाहाव्या व ठरवावें कीं, आपल्या गांवास भाववाढीची निकड अधिक, कीं सुगींत धान्य तारण ठेवून कर्ज देणाऱ्या गोदामाची. हें न केल्यास आमच्या वतीनें बोलणारे विकणाऱ्याचेंच गाऱ्हाणें मांडतील, आणि श्रावणांत ज्वारी विकत आणणारा सभासद मागेंच राहील.