थांब्याचे औषध

मुलगा वा कन्या ऑस्ट्रेलियात स्थायिक असली, की आईवडिलांच्या तेथील मुक्कामात कधी ॲडलेडहून उलुरूपर्यंतचा मोटारप्रवास आखला जातो. पोर्ट ऑगस्टा सोडताच स्टुअर्ट महामार्ग ओसाड प्रदेशात शिरतो. ग्लेंडांबो ते कूबर पीडी या सुमारे २५० किलोमीटरांत ना गाव, ना पेट्रोलपंप. अशा वेळी अनेक ज्येष्ठ एक घातक पथ्य पाळतात. लघवीसाठी सारखी गाडी थांबवावी लागू नये, म्हणून ते पाणीच पीत नाहीत.

वाचकहो, कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो; शरीरातील पाणी घटल्याचे ध्यानी येत नाही. उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते. त्यात तासन्‌तास बैठक. पोटऱ्यांचे स्नायू हलले नाहीत, तर पायांतील रक्त संथ होते व शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

या वाटेवरील प्रेक्षणीय थांबे हेच त्यावरील औषध होय. ग्लेंडांबोच्या अलीकडे रस्त्यालगत हार्ट सरोवराचा पांढराशुभ्र मिठाचा विस्तार दिसतो. पुढे लॅसिटर महामार्गावरून कॉनर पर्वताचा सपाट माथा दिसतो. पुष्कळ प्रवासी त्यालाच उलुरू समजतात. अशा स्थळी केवळ काचेतून छायाचित्र घेऊ नये, खाली उतरावे. प्रथम पाय बाहेर टेकवून घोटे हलवावेत, दाराच्या आधाराने क्षणभर उभे राहावे, मग पाच मिनिटे चालावे आणि पाणी प्यावे. एकदम उठल्यास रक्तदाब उतरून तोल जातो.

हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण, तसेच लघवीच्या गोळीची वेळ, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावी. गोळी परस्पर बंद करू नये. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये. एकाच पायाला सूज व वेदना आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास ००० या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागावी. मात्र वाटेत मोबाईलला सर्वत्र संपर्क मिळत नाही, हे ध्यानात असू द्यावे. शक्यतो मे ते ऑगस्ट हे थंड महिने निवडावेत.

सोबतच्या मुलांनाही एक विनंती. "आई, थांबायचं का?" असे विचारू नका, उत्तर बहुधा "नको" असेच येईल. दर दोन तासांनी, न विचारता, गाडी थांबवा.