उजळणीला भटजी कुठला शोधायचा?

लग्नाची पंचविशी गोव्याच्या किनाऱ्यावर साजरी करायची, एकमेकांना पुन्हा हार घालायचे, दिलेली वचने पुन्हा बोलायची, ही उजळणीची हौस आता मध्यमवर्गातही रुजली आहे. वारका असो की मांद्रे, फुलांची कमान मिळते, फोटोग्राफर मिळतो, जेवणाचा बेत ठरतो. घोडे अडते ते एका प्रश्नापाशी: समोर उभे राहून हे सगळे वदवून घेणार कोण? मग हॉटेलवाल्यालाच सांगितले जाते, ‘तुमच्याकडचे कुणी असतील तर बघा.’ आणि ज्याने या जोडप्याला आयुष्यात कधी पाहिलेले नाही असा माणूस ठरल्या वेळी येऊन, ठरलेले बोलून, निघून जातो. माझ्या मते इथे चूक माणसाची नाही, प्रश्नाची आहे. ‘हा विधी करण्याचा अधिकार कुणाला?’ हा लग्नाचा प्रश्न आपण उजळणीला विचारतो. उजळणीत अधिकाराचा प्रश्नच येत नाही. प्रश्न ओळखीचा असतो.

कायदा काय म्हणतो ते पाहिले तर हे चटकन ध्यानात येते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम वधू किंवा वराकडच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत एवढेच मागते; सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होते. त्या कलमात पुरोहिताचा उल्लेखही नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकारी लागतो, तीन साक्षीदार लागतात. पण ‘मी तुझा पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करतो’ या अर्थाचे शब्द उच्चारायचे असतात ते त्या दोघांनीच, एकमेकांना उद्देशून. अधिकारी ऐकतो आणि नोंद करतो. हे झाले खुद्द लग्नाचे. उजळणीने कुणाचा दर्जा बदलत नाही, वारसाहक्क हलत नाही, निबंधकाच्या वहीत ओळ वाढत नाही. त्यामुळे ‘मान्यताप्राप्त’ माणूस शोधण्यात अर्थ नाही, आणि समारंभानंतर कुणी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र दिलेच तर ते भिंतीवर टांगावे, त्याचा दुसरा उपयोग नाही.

परका पुरोहित आणला की आणखी एक पंचाईत होते. त्याच्याकडे तयार विधी असतो तो लग्नाचा, आणि तो या प्रसंगाला बसत नाही. पंचवीस वर्षे एकमेकांचे तोंड पाहिलेल्यांमध्ये अंतरपाट कशासाठी धरायचा? कन्यादान कोण करणार, आणि कुणाचे? सर्वांत बोचणारी गोष्ट ‘नातिचरामि’ची. धर्म, अर्थ आणि काम यांत हिला ओलांडून जाणार नाही, हे वचन मुलीचा बाप मागतो आणि नवरा देतो. मुलीने त्या वेळी काही बोलण्याची अपेक्षाच नसते. उजळणीत काही मोलाचे असेल तर ते हेच, की तेव्हा गप्प राहिलेली बाई आता बोलू शकते. आणि नवराही तेव्हा पाठोपाठ म्हटलेल्या संस्कृत शब्दाचा अर्थ आता स्वतःच्या भाषेत सांगू शकतो. छापील विधी पुन्हा उरकला तर ही संधी वाया जाते.

हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, त्यावर इतका विचार कशाला, असे म्हणणारे भेटतील. त्यांनी तमिळनाडूतल्या तिरुक्कडैयूरच्या अमृतघटेश्वर मंदिरात डोकावावे. तिथे साठी पूर्ण झालेल्या नवऱ्याची बायकोसह पूजा होते आणि तो तिच्या गळ्यात पुन्हा ताळी बांधतो. आपल्याकडे साठीची उग्ररथ शांत आहे, पुढे सहस्रचंद्रदर्शन आहे. मात्र फरकही मान्य करायला हवा. शांत ही दीर्घायुष्यासाठी देवाकडे केलेली मागणी आहे. तिच्यात शास्त्र आहे, होम आहे, आणि तिला जाणता गुरुजीच हवा. ज्यांना ती करायची आहे त्यांनी घरी किंवा देवळात रीतसर करावी. समुद्रावरच्या वाऱ्यात होमाचे काय होते हे कुठलाही गुरुजी सांगेल. ख्रिस्ती जोडप्यांचेही असेच. चर्चच्या लेखी लग्नाचा संस्कार एकदाच होतो; वर्धापनदिनी मिस्सेत आशीर्वाद मिळतो, त्यासाठी पाद्रीला वाळूवर ओढण्यापेक्षा सकाळी चर्चमध्ये जावे. प्रार्थना तिच्या जागी आणि वचन वचनाच्या जागी, अशी फारकत केली की किनाऱ्यावरच्या माणसाकडून नको त्या अपेक्षा राहत नाहीत.

खरा आक्षेप वेगळाच आहे. परक्या पुरोहिताऐवजी मित्राला किंवा मावशीला उभे केले तर प्रसंगाला वजन राहत नाही, गंमत होते, असे लोक म्हणतात. महाराष्ट्राने याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी दिले आहे. 25 डिसेंबर 1873 रोजी पहिला सत्यशोधक विवाह भटजीवाचून लागला, आणि 1887 मध्ये जोतीराव फुल्यांनी मंगलाष्टकांसह जो पूजाविधी छापला त्यात वधूवर एकमेकांशी बोलतात. त्या लग्नांना वजन कमी होते असे कुणी म्हणणार नाही. फार लांब कशाला, आपल्या प्रत्येक लग्नात आत्या नाहीतर काका स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणतातच; सूर लागत नाही, वृत्त कोलमडते, तरी मांडवात डोळे पुसले जातात ते तेव्हा. वजन ओळखीतून येते ते असे. मित्र वाहवत जाईल, माइक सोडणार नाही, ही भीती मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे त्याला एक कागद आणि पाच मिनिटे देणे. लाटांच्या आवाजात त्याहून जास्त कुणी ऐकतही नाही. मोरजी, मांद्रे, आगोंदसारख्या ठिकाणी थंडीत कासवे अंडी घालायला येतात, तिथे दिवे आणि कर्णे नसतील तर उत्तमच. आणि ज्यांना संस्कृत मंत्रांशिवाय चैन पडत नाही त्यांनी मंत्र जरूर म्हणवावेत, पण अर्थ सांगणारा पुरोहित आधीपासून शोधावा, त्याच्याशी तासभर बोलावे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने असे पुरोहित, त्यांत कितीतरी स्त्रिया, घडवले आहेत. अशा पुरोहिताची दक्षिणा या मार्गाने बुडत नाही; बुडते ती फक्त घाईघाईने आलेल्या अनोळखी माणसाची.

म्हणून हॉटेलचे बुकिंग करण्याआधी लग्नाचा अल्बम काढा. पाटाशेजारी उभे राहून मंगलाष्टके म्हणणाऱ्यांपैकी जे आज आहेत, त्यांना आधी फोन करा.