इंग्रजीची उजळणी

परीक्षा जवळ आली की वर्गात इंग्रजीची उजळणी सुरू होते. उजळणी कशी करता, असे विचारले तर पुष्कळ जण गाइड दाखवतात. कवितेचा सारांश पाठ, शब्दार्थ पाठ, नियम पाठ आणि निबंधही पाठ! याला मी उजळणी म्हणणार नाही. तुम्ही घरी उर्दू बोलता, शाळेत मराठी शिकता. मग इंग्रजीच्या तासाला या दोन्ही भाषा दाराबाहेर का ठेवता?

कवितेचेच पाहा. शेराच्या शेवटी रदीफ येणार आणि तिच्या आधी काफिया जुळणार, हे तुमच्या कानांना सांगावे लागत नाही. मराठीत यमक असते, तशी इंग्रजीत राइम असते. म्हणून कविता आधी मोठ्याने वाचा, सारांश नंतर पाहा. डोळ्यांवर मात्र विसंबू नका. 'कम' आणि 'होम' या इंग्रजी शब्दांची शेवटची तीन अक्षरे सारखीच आहेत, पण आवाज जुळत नाही. गझल तर इंग्रजीतही पोहोचली आहे. काश्मीरचे कवी आगा शाहिद अली (१९४९-२००१) अमेरिकेत राहून इंग्रजीत गझला लिहीत. रदीफ आणि काफिया सोडायला ते तयार नव्हते.

आता शब्द. 'खाकी' हा शब्द इंग्रजी शब्दकोशात आहे. तो 'खाक' म्हणजे धूळ या शब्दापासून झाला. 'पायजमा'ही तिकडे गेला. मुंगसाला इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात. तो शब्द मराठीतून गेला. मालेगाव किंवा भिवंडीत राहत असाल, तर यंत्रमागावरचे बीम, बॉबिन, शटल हे शब्द तुम्ही रोज ऐकता. शटल म्हणजे धोटा. तो सूत घेऊन इकडून तिकडे आणि तिकडून इकडे धावतो. म्हणूनच दोन ठिकाणांमध्ये सतत ये-जा करणाऱ्या गाडीलाही शटल म्हणतात. असा समजलेला शब्द विसरत नाही.

व्याकरणाची भीती सर्वांत मोठी. पण जरा तुलना करा. 'मी आंबा खाल्ला', 'मी चिंच खाल्ली', 'मी केळे खाल्ले'. मराठीत क्रियापद तीनदा बदलले. उर्दूतही 'आम खाया', पण 'इमली खाई'. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी 'एट'. वस्तूंना लिंगच नाही, केवढी सोय! या सोयीची किंमत इंग्रजी दुसरीकडे वसूल करते. क्रियापद कर्त्यानंतर लगेच हवे. 'आय गो' चालते, पण 'ही' आला की 'गोज' हवे. 'अ', 'ॲन', 'द' यांसारखे काही उर्दूत नाही, मराठीतही नाही. त्यामुळे आपण ते गाळतो. येथे सोपा उपाय नाही. सराव करावाच लागतो. पुन्हा कानच उपयोगी पडतो. 'अवर' म्हणजे तास. त्यातला एच उच्चारत नाहीत, म्हणून 'ॲन अवर'. पण 'अ युनिव्हर्सिटी', कारण तेथे पहिला आवाज 'यु' आहे.

राहिला निबंध. काही जण म्हणतात, "स्वतः लिहिले तर चुका होतात, गुण जातात. गाइडातला निबंध बरा." हे मला पटत नाही. विषय थोडा बदलला की पाठ केलेला निबंध निरुपयोगी होतो. एक ओळ विसरली की पुढचे सारे अडते. शिवाय वीस वह्यांत एकच रेल्वे स्टेशन आणि एकच हमाल! तपासणाऱ्याला हे कळत नसेल का?

चुका असलेली पण तुमची स्वतःची आठ वाक्ये मला जास्त मोलाची वाटतात. त्या चुका शिक्षक दुरुस्त करू शकतात. वीज गेल्यावर गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात. मग शेजारच्या घरातले बोलणेही ऐकू येते. कारागीर ओट्यावर येऊन बसतात, चहा मागवतात. वीज किती वाजता येईल, यावर वाद होतो. हे कोणत्या गाइडात आहे? आज रात्री यावरच इंग्रजीत आठ छोटी वाक्ये लिहा आणि उद्या ती वही शिक्षकांना दाखवा.