भेदरलेला कुत्रा आणि सब्र

रमजानमध्ये ‘सब्र’ हा शब्द रोज कानावर पडतो. भूक-तहान सोसणे एवढाच त्याचा अर्थ अनेकजण घेतात. दुसऱ्या जिवाच्या चालीने चालणे हाही सब्रच, आणि माझ्या मते तो रोज्यापेक्षा अवघड. शेल्टरमधून घरी आणलेल्या भेदरलेल्या कुत्र्याशी वागताना तो लागतो.

मुसलमान लेखकाने रमजानच्या पानावर कुत्र्याचा विषय काढावा, याचे काहींना नवल वाटेल. कुत्र्याची लाळ नापाक, हे हनफी आणि शाफई घरांत लहानपणीच शिकवतात. मालिकी पंथाचे मत वेगळे आहे. राखण, शिकार, गुरे यांसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे. पण लाळेचा नियम म्हणजे दगड मारायचा परवाना नव्हे. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एकजण विहिरीत उतरला, चामडी मोज्यात पाणी भरून तो दातांत धरून वर आला आणि अल्लाहने त्याला माफ केले, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर आपल्या सर्वांच्या ओळखीचे.

पाणी एकदा पाजून भागते. घरी आणलेल्या बुजऱ्या कुत्र्याचे तसे नाही. मार खाल्लेला किंवा माणसांत कधी न वाढलेला कुत्रा पलंगाखाली शिरतो, जेवत नाही, भांडे पडले तरी थरथरतो. मग घरचे त्याला ओढून बाहेर काढतात, मुले डोक्यावर हात फिरवायला धावतात. आठवड्याभरात ‘याला मायाच नाही’ असे ठरते आणि त्याची रवानगी परत शेल्टरमध्ये! ही दया नव्हे, हौस.

प्राणिमित्र 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: धक्का ओसरायला, घराचा दिनक्रम कळायला, घर आपले वाटायला. बुजऱ्याला याहून जास्त लागू शकतात. आपण करायचे फारसे काहीच नसते, आणि तेच जमत नाही. त्याच्यापासून थोडे दूर, अंग वळवून बसायचे. डोळे रोखायचे नाहीत. जेवण ठरल्या वेळी द्यायचे आणि जवळ यायचे की नाही ते त्याच्यावर सोडायचे. घरात आधीचा शांत कुत्रा असेल तर त्याचे पाहून हा धीट होतो. दार आणि पट्टा मात्र सांभाळा. असा कुत्रा एकदा निसटला की हाकेला येत नाही.

सूरह कहफमधल्या गुहेतल्या तरुणांचा कुत्रा उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून आहे आणि माणसांची संख्या सांगताना त्याचीही मोजदाद होते. आमच्या घरांतही ओसरी, अंगण असतेच. नमाजाची जागा वेगळी ठेवूनही सोबत करता येते.

फक्त ईदच्या गडबडीत, पाहुण्यांच्या गर्दीत त्याला आणू नका. ईद उरकली की शेल्टरमध्ये तीन-चार वेळा जा. धावत येणाऱ्या पिल्लांना घर लवकर मिळते; मागे भिंतीला चिकटून बसलेल्याची चौकशी करा. रेबीजची लस, नसबंदी झाली का, कशाला बिचकतो, ते विचारा. दिवसभर घराला कुलूप असेल तर मात्र आणू नका. दाराशी पाण्याचे भांडे ठेवा, गल्लीतले कुत्रे पिऊन जातील.