इशारा : रविवारी रात्री दहाला पासवर्ड बदलणार

गडचिरोलीत चामोर्शी रोडला माझ्या घरात राहणारे सगळे भाडेकरू, वरच्या माळ्यावरचे दोघे पुतणे आणि आमचे स्वतःचे चिरंजीव, हे तुम्हा सगळ्यांसाठी आहे. जिन्यात चिकटवलं आहे, ग्रुपवरही टाकलं आहे. ‘वाचलं नाही’ ही सबब चालणार नाही. शेजारीपाजारीही हीच बोंब आहे, त्यांनीही खुशाल वाचावं.

घरात फायबरची लाइन एकच. डाउनलोड ४०, अपलोड १० एमबीपीएस. बिल सगळ्या खोल्यांवर सारखं वाटलं जातं, ओढाताण मात्र तीनच यंत्रांची. राउटरमध्ये कोण किती ओढतं ते दिसतं, तेव्हा ‘मी तर फक्त व्हॉट्सॲप बघतो’ हे मला सांगायला येऊ नका. खांबावर चढून तारा जोडण्यात माझी नोकरी गेली आहे.

हिशेब ऐका. १०० जीबीचा गेम ४० च्या लाइनवर उतरायला साडेपाच तास घेतो. संध्याकाळी सातला सुरू केला तर साडेबारापर्यंत बाकीच्यांनी काय भजन करायचं? टोरंटवाल्यांची तर कमालच. लाइन चोवीस तास भरून धावली की दिवसाला ४३२ जीबी जातात. महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी. आठव्या दिवशी ती खलास, आणि उरलेले तीन आठवडे अख्खं घर बैलगाडीत.

खरं दुखणं मात्र अपलोडचं आहे, आणि ते कुणाच्या गावीही नाही. पान उघडायचं म्हटलं तरी आधी तुमची मागणी बाहेर जावी लागते. अपलोड तुंबलं की ती मागणीच राउटरच्या रांगेत अडकते, मग डाउनलोड कितीही मोकळं असो. एरवी ३० मिलिसेकंदांत येणारं उत्तर मग दोन-दोन सेकंद येत नाही. ऑनलाइन क्लासला दीड-दोन एमबीपीएस पुरतात. तेवढेही मिळत नाहीत.

गेल्या महिन्यात मागच्या खोलीतली, भामरागडकडची मुलगी भरतीचा फॉर्म भरत होती. शेवटची तारीख. फोटो गेला, सही गेली, जातीचा दाखला अडकला. वर एकाच्या गेमचं लाइव्ह चालू, दुसऱ्याच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढून राहिले, शिवाय पोर्चमधल्या दोन कॅमेऱ्यांचं चित्रण अखंड बाहेर. मी वर निरोप धाडला. उत्तर आलं, ‘काकाजी, पाचच मिनिटं, मॅच सुरू आहे.’ बारा वाजले, साइट बंद झाली, फॉर्म राहिला. पुढची जाहिरात कधी निघेल कुणास ठाऊक.

ही पोरं इथं खोली करून का राहतात, याचा विचार केला का कधी? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. २०२० च्या टाळेबंदीत रेंजसाठी टेकडी चढणारी लेकरं याच जिल्ह्यानं पाहिली. आईबाप तेंदूपत्त्याच्या पैशातून खोलीभाडं धाडतात, ते तुमची मॅच बघायला नाही. कुणी म्हणेल, आता स्टारलिंक येणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे, खरं आहे. पण उपग्रहाचा वेगही एका भागातले सगळे ग्राहक वाटूनच वापरतात. हावरटपणावर आकाशातूनही इलाज यायचा नाही.

तेव्हा रविवारी रात्री दहाला पासवर्ड बदलेल. त्याआधी प्रत्येकानं आपला फोन आणि आणखी एक यंत्र माझ्याकडे नोंदवावं; नोंद नसलेलं जोडलं जाणार नाही. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा गेमचं डाउनलोड, अपडेट, फोटोंचा बॅकअप, सगळं बंद. रात्री एकनंतर टायमर लावा. टीव्हीवर एचडी बघा, पाच एमबीपीएसमध्ये भागतं. फोरके त्याच्या तिप्पट घेतं, आणि फोनच्या वीतभर पडद्यावर दोन्हींतला फरक माझ्या चष्म्याला तरी दिसत नाही. कॅमेऱ्यांचं चित्रण मेमरी कार्डावर घ्या. टोरंट कायमचं बंद: कनेक्शन माझ्या नावावर आहे, चौकशीला पोलीस आले तर माझंच दार वाजेल. राउटरला मी ३६ आणि ९ ची मर्यादा घालतो आहे. लाइनच्या ताकदीपेक्षा थोडी कमी ठेवली की रांग आपल्या हातात राहते, आणि अभ्यासाची यंत्रं त्या रांगेत पुढे असतील.

पहिल्यांदा नियम मोडला तर ते यंत्र आठवडाभर दोन एमबीपीएसवर. दुसऱ्यांदा मोडला तर ती खोली लाइनवरून कायमची बाहेर; त्या महिन्याचा हिस्सा परत देईन, स्वतःचं कनेक्शन घ्यावं. चिरंजीवांनाही हेच लागू. आईकडे वशिला लावून उपयोग नाही, तिची मालिकाही एचडीवर आणली आहे.

कुणाची तक्रार असेल तर शनिवारी संध्याकाळी खाली यावं, ज्याचे त्याचे आकडे दाखवतो. रविवारी दहानंतर दार वाजवू नये.