घराचा पहिला पैसा जोत्यावर

धानाची मळणी आटोपली आणि धान्य ढोलीत पडले, म्हणजे भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मनात घराचा विचार येऊ लागतो. कोणाचे कवेलूंचे छप्पर गळत असते, कोणाच्या मातीच्या भिंतीला मागील पावसाळ्यात भगदाड पडलेले असते, तर कोणाचे नाव घरकुलाच्या यादीत लागलेले असते. हा विचार स्वागतार्हच आहे. परंतु ज्या क्रमाने आपण या कामावर पैसा खर्च करतो तो क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दर्शनी भिंत, रंग, ओट्याची फरशी आणि खांबांवरील नक्षी यांवर आपला हात सैल सुटतो. जो भाग मातीआड जातो त्या पायावर व जोत्यावर मात्र तो आखडतो.

जमिनीला कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बर्डी अशी नावे आपल्या वाडवडिलांनी देऊन ठेवली आहेत. धान कोठे लावावे, लाखोळी कोठे पेरावी हे ठरविताना आपण ही नावे अचूक वापरतो. घर बांधताना मात्र ती विसरतो, हे नवल नव्हे काय? कन्हार ही काळी, चिकण जमीन होय. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते व हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया घातला की घरही तिच्यासोबत दरवर्षी वर उचलले जाते व खाली बसते. याउलट बर्डी पिकाला हलकी. परंतु घराला तिच्यासारखी जमीन नाही.

या बाबतीत मी इतरांना शहाणपण शिकवावे अशी माझी स्थिती नाही. माझे स्वतःचे घर कन्हारीवर उभे आहे आणि त्याचा पाया अवघा दोन फूट खोल आहे. दुसऱ्याच वर्षी खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली. गवंड्याकडून ती सिमेंटने बुजविली. पुढील उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली. असे तीनदा झाले. दोष गवंड्याचा नव्हता. त्याने खोल खणण्यास सांगितले होते. त्या वर्षी घरात मुलीचे लग्न होते म्हणून मीच त्याला थांबविले. त्या वेळी जे पैसे वाचले, त्याहून अधिक आजवर गिलाव्यात गेले आहेत.

यास्तव कन्हारीवर घर बांधणे अपरिहार्य असेल तर काळा थर संपून मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा. थर फारच खोल असल्यास रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी विकसित केलेली खांबांची पद्धत उपयोगी पडते. जमिनीत साधारणतः साडेतीन मीटर खोल गोल भोक पाडून त्याचा तळ कंदासारखा रुंद करतात व सळाखी टाकून काँक्रीट भरतात. ज्या खोलीवर माती ऋतूनुसार फुगत वा आकसत नाही तेथे हा कंद बसतो, आणि वरची तुळई मातीपासून थोडी अधांतरी ठेवतात. याकरिता अभियंत्याचा सल्ला घ्यावा. अंदाजाने करण्याचे हे काम नव्हे. पाया कोणताही असो, जोत्याच्या पातळीवर चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा अवश्य द्यावा. घराभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी करावी, म्हणजे पागोळीचे पाणी पायात मुरणार नाही. न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत सोडण्याची आपली सवय तर ताबडतोब मोडली पाहिजे.

आता जोत्याच्या उंचीविषयी. आपला जिल्हा तलावांचा व वैनगंगेचा. कोहळी समाजाच्या ज्या पूर्वजांनी हे माजी मालगुजारी तलाव बांधले, त्यांना पाणी कोठून येते व कोठून निघून जाते याची पक्की जाण होती. जुनी गावठाणे बहुधा उंचवट्यावर असतात. वस्ती वाढली तशी आपण सांडव्याच्या वाटेत, पाटाच्या काठाला आणि नदीकडच्या सखल भागात उतरलो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, त्याने हे सर्व उघड केले. मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे व पेंचचे पाणी एकाच वेळी उतरले, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहरासह नदीकाठच्या अनेक गावांत घरांत पाणी शिरले. मातीच्या भिंती विरघळल्या. पक्की घरे उभी राहिली खरी, परंतु ज्यांचे जोते रस्त्याच्या बरोबरीचे होते त्यांच्या घरातील धान्य, अंथरूण-पांघरूण आणि कागदपत्रे भिजली.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा ही सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा ही १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची होय. निळ्या रेषेच्या आत घर बांधूच नये. दोन रेषांमध्ये बांधावयाचे झाल्यास जोते लाल रेषेच्या पातळीहून वर असावे. जेथे रेषा आखलेली नसेल तेथे गावातील वृद्धांस विचारावे; पाणी कोणाच्या ओट्याला लागले होते हे ते बिनचूक सांगतात. इतरत्रही जोते रस्त्याहून किमान दोन फूट वर ठेवावे, कारण प्रत्येक डांबरीकरणागणिक रस्ता उंच होत जातो आणि घर आहे तेथेच राहते.

प्रधानमंत्री आवास योजनेतून मैदानी भागात घरकुलास १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. या रकमेत खोल पाया व उंच जोते कसे बसणार, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि रक्कम तुटपुंजी आहे हेही खरे. परंतु याच रकमेत पदरचे आणखी लाख-दीड लाख घालून अनेक जण घर ४०० ते ५०० चौरस फुटांचे करतात, आणि मग पाया उथळ राहतो. माझे म्हणणे असे, की प्रथम लहानच घर भक्कम पायावर बांधावे. खोली पुढे वाढविता येते. पाया मागाहून खोल करता येत नाही.

बांधकामाच्या हंगामाचाही विचार व्हावा. अक्षय तृतीयेला पाया खोदून मृगापूर्वी स्लॅब टाकण्याची घाई अनेक जण करतात. त्या दिवसांत पारा ४५ अंशांवर असतो आणि विहिरी तळ गाठतात. सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा हवा. अशा कोरड्या, उष्ण हवेत १० दिवस आणि राखमिश्रित सिमेंट असल्यास १४ दिवस. दिवसातून एकदा बादलीभर पाणी मारल्याने ते साधत नाही. तणस अंथरून ते सतत ओले ठेवावे. पाणी जोडणीच्या वेळी कमी हवे व नंतर भरपूर. ५० किलोच्या पोत्याला सुमारे २५ लिटर पुरते, परंतु गिट्टी-रेतीचे मिश्रण सैल वाहावे म्हणून मजूर त्यात आणखी बादली ओततो, आणि तेथेच स्लॅबची ताकद जाते. धान निघताच, मार्गशीर्ष-पौषात काम सुरू केल्यास गारवाही असतो व पाणीही.

रेती नदीची असली तरी पारखून घ्यावी. काचेच्या बरणीत रेती व मिठाचे पाणी घालून हलवावे आणि तीन तास ठेवावे; वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या बाराव्या हिश्शाहून जाड असल्यास ती गाडी परत पाठवावी.

छपराविषयी थोडे लिहितो, कारण येथे माझे मत पुष्कळांना पटणार नाही. कवेलूंचे छप्पर उन्हाळ्यात स्लॅबपेक्षा सुसह्य असते, हे ज्यांनी दोन्हींखाली मे महिना काढला आहे त्यांना सांगावे लागत नाही. तथापि दरवर्षी कवेलू फेरावी लागतात, माकडे ती फोडतात, आणि ती घडविणारे हातही कमी झाले. तेव्हा लोक स्लॅबकडे वळले तर त्यांना दोष देता येत नाही. टिनाच्या पत्र्यांना मात्र माझा विरोध आहे. दुपारी त्यांखाली स्वयंपाक करणाऱ्या बाईस विचारून मगच घरधन्याने ते आणावेत. स्लॅब टाकल्यास प्रतिवर्षी फाल्गुनात त्यावर चुन्याचे दोन पांढरे हात द्यावेत. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये अशा शीत छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले आहे. आपल्याला तर चुना व कुंचला एवढेच पुरे.

जुने घर पाडताना सागवानी फाटे, दारांच्या चौकटी व धड कवेलू विकून टाकू नयेत. मी माझी कवेलू मागील अंगणातील छपरीवर घातली आहेत. नव्या घराची भेग अजून तशीच आहे, आणि उन्हाळ्यात आम्ही सारे त्या छपरीतच बसतो.