मोबाईल तापतो, तेव्हा खेळणाऱ्याचे काय होते?

१६ मार्च २०१९ च्या संध्याकाळी हिंगोली शहराजवळ रेल्वे रुळांलगत विशीतले दोन तरुण मोबाईलवर पबजी खेळत होते. हैदराबाद-अजमेर गाडी आली आणि दोघेही तिच्याखाली सापडून दगावले. आपल्या जिल्ह्याचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत क्वचितच येते; त्या आठवड्यात ते आले. चर्चा मात्र ‘या गेमवर बंदी घाला’ याच्या पुढे फारशी गेली नाही. डॉक्टर म्हणून मला पडलेला प्रश्न वेगळा होता आणि आजही तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. धडधडत येणारी रेल्वे माणसाला ऐकू कशी येत नाही?

उत्तर कानात नाही, मेंदूत आहे. डोळ्यांना फार गुंतागुंतीचे काम दिले की मेंदू कानाकडून आलेला संदेश मागे टाकतो. कान शाबूत असतात, आवाज आत पोचतो, पण त्याची नोंद होत नाही. प्रयोगशाळेत हे अनेकदा तपासले गेले आहे: पडद्यावरचे काम जितके अवघड, तितके शेजारचा आवाज न ऐकण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे आई चार हाका मारते आणि पोरगा ओ देत नाही, तेव्हा दर वेळी तो उद्धटपणा असतो असे नाही. घरात याचा परिणाम भांडण एवढाच होतो. रस्त्यावर, विहिरीच्या काठावर, रुळांजवळ तो जीव घेतो.

आता हे गेम इतके गुंतवतात कसे, ते पाहू. पबजीसारख्या खेळात १०० जण एका मैदानात उतरतात आणि शेवटी एक किंवा एक संघ उरतो. अख्खा डाव साधारण अर्ध्या तासाचा. तो मध्येच थांबवता येत नाही, कारण समोर खरी माणसे खेळत असतात. तुम्ही उठलात की तुमचे तीन सोबती अडचणीत येतात. शिवाय रोजची नवी कामगिरी, आठवड्याचे चॅलेंज, ठरावीक काळाने पुन्हा खाली येणारी ‘रँक’. चॅलेंज पूर्ण झाले तर बक्षीस, पण कधी मोठे, कधी नगण्य. बक्षीस केव्हा मिळेल हे माहीत नसले की माणूस जास्त चिकटून राहतो, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. मटक्याचा आकडा लावणाऱ्यालाही ते माहीत असते, फक्त त्याला त्याचे नाव ठाऊक नसते.

इथवरची चर्चा वाचकांनी इतरत्र वाचली असेल. जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही ती गोष्ट म्हणजे हा खेळ चालतो कशावर. शहरातल्या सधन मुलाकडे महागडा मोबाईल किंवा पंख्याने गार होणारा कॉम्प्युटर असतो. आखाडा बाळापूर आणि आसपासच्या गावांतून आमच्या ओपीडीत येणाऱ्या मुलांच्या हातात बहुतेक वेळा आठ-दहा हजारांचा, कधी वडिलांचा जुना, काच तडकलेला मोबाईल असतो. खेळ दोघांचा एकच. अवजड गेम आणि हलका मोबाईल या जोडीचे आरोग्यावर होणारे परिणाम वेगळे आहेत, आणि ते पालकांनी समजून घ्यावेत असे मला वाटते.

पडद्यावर जे हलताना दिसते ती खरे तर एकामागोमाग एक दाखवलेली चित्रे असतात. चांगल्या अनुभवासाठी सेकंदाला ६० चित्रे लागतात, म्हणजे प्रत्येक चित्र तयार करायला मोबाईलला १७ मिलिसेकंदांहून कमी वेळ मिळतो. गवत, सावल्या, धूर, धावणारे शंभर खेळाडू हे सारे तेवढ्यात. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो आणि तापतो. मोबाईलला पंखा नसतो. उष्णता पाठीच्या पत्र्यातून किंवा प्लास्टिकमधून बाहेर पडते, आणि आपण वर जाड कव्हर घातलेले असते. ठरावीक तापमान ओलांडले की मोबाईल स्वतःला वाचवतो. वेग कमी करतो, पडद्याचा उजेड मंद करतो. साठाची तीस चित्रे होतात, कधी वीस. मुले याला ‘लॅग’ म्हणतात. नेटवर्क कमजोर असेल तर त्यात भर पडते. समोरच्याने गोळी झाडलेली आपल्याला दिसते तोवर आपण मेलेले असतो.

मोबाईल बनवणाऱ्या कंपन्या सर्वसाधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापर करायला सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. पत्र्याच्या खोलीतले दुपारचे तापमान वाचकांना मी सांगायला नको. म्हणजे इथे मोबाईल खेळ सुरू होण्याआधीच निम्मा तापलेला असतो.

अशा वेळी मुलगा काय करतो? एक म्हणजे मोबाईल गार करायचे उपाय. कूलरसमोर धरणे, माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवणे, क्वचित थेट फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढलेल्या तापट वस्तूत बाष्प धरते, आतले भाग खराब होतात, हे त्याला नंतर कळते. दुसरे, मंद झालेला पडदा दिसावा म्हणून मोबाईल डोळ्यांजवळ आणणे. वाचताना पुस्तक हातभर लांब असते; हा मोबाईल वीतभर अंतरावर येतो. तिसरे, बॅटरी लवकर उतरते म्हणून चार्जिंगला लावूनच खेळणे. चार्जिंगची उष्णता आणि खेळाची उष्णता एकत्र होते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे, तो इथे सहज मोडतो. त्यात चार्जर बाजारातला शंभर रुपयांचा. मोबाईलची पाठ फुगलेली दिसली किंवा मागचे झाकण नीट बसेनासे झाले तर तो मोबाईल त्या क्षणी बंद करून दुकानात द्यावा. फुगलेली बॅटरी दाबून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

भाजण्याबद्दलही एक गैरसमज आहे. भाजायला आग किंवा उकळते पाणीच लागते असे नाही. त्वचेला सलग सहा तास ४४ अंशांची वस्तू चिकटून राहिली तरी इजा होते, हे १९४७ पासून वैद्यकाला माहीत आहे. तापमान थोडे वाढले की हा वेळ झपाट्याने कमी होतो. चार्जिंगला लावलेला मोबाईल उशीखाली किंवा मांडीखाली ठेवून झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

डोळ्यांचे सांगायचे तर आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापणी लववतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर येते. अश्रूंचा पातळ थर सुकतो, डोळे चुरचुरतात, लाल होतात, संध्याकाळी डोके दुखते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेले थेंब यावर घालू नयेत. काहींमध्ये स्टिरॉइड असते आणि ते महिनोन्महिने घातल्यास काचबिंदू होऊ शकतो. जवळचा चष्मा-नंबर, म्हणजे लांबचे न दिसणे, हा वेगळा प्रश्न. त्यात मोबाईलपेक्षाही महत्त्वाचे ठरते ते दिवसाच्या उजेडात न घालवलेले तास. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर ठेवण्याची मोहीम घेतली आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले मुलांच्या चष्म्यांचे प्रमाण तिथे खाली वळले. आपल्याकडे ऊन आणि मैदान दोन्ही फुकट आहे, तरी मूल बाजेवर पडून असते.

अंगठ्याचे दुखणे मात्र मला अलीकडे तरुण मुलांत जास्त दिसू लागले आहे. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखते, बादली उचलताना कळ येते. फ्रिट्झ द कर्व्हें या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. आम्हाला तो परिचित आहे तो बाळंतिणींमुळे, कारण त्या दिवसभर बाळाला काखेत हात घालून उचलतात. आता सतरा-अठरा वर्षांच्या मुलांत दिसतो. लॅग होणाऱ्या मोबाईलवर मुलगा पडदा जोरात आणि पुन्हा पुन्हा दाबतो, कारण पहिला दाब लागला की नाही हे त्याला कळत नाही. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवले की तीव्र कळ आली तर डॉक्टरांना दाखवा. लवकर आलात तर विश्रांती आणि पट्टीने बहुतेकांचे भागते.

मग चांगला, महाग मोबाईल घेऊन दिला तर प्रश्न सुटेल का? सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर किंवा हप्त्यावर असा मोबाईल घेतलेली घरे आहेत. माझे मत स्पष्ट आहे: काही त्रास कमी होतील, मुख्य त्रास वाढेल. स्वस्त मोबाईल तापून, हँग होऊन, बॅटरी उतरून खेळणाऱ्याला नाइलाजाने थांबवत असतो. महाग मोबाईल थांबवत नाही. आणि मुख्य त्रास झोपेचा आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री अकराला सुरू झालेला ‘शेवटचा डाव’ एकला संपतो, सकाळी सातला शाळेची तयारी. अशा मुलाची चिडचिड, विसराळूपणा, घसरलेले गुण यांचे निदान मी आधी झोपेत शोधतो, मग इतरत्र.

कायद्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी बंद झाला तो देशाच्या सुरक्षेच्या आणि माहितीच्या कारणावरून, मुलांच्या तब्येतीसाठी नव्हे. त्याची भारतीय आवृत्ती २०२१ मध्ये आली, २०२२ मध्ये गेली, मे २०२३ मध्ये परतली; परतताना १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. वय खरे टाकले तरच ती लागू होते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला. हा गेम साध्या मोबाईलवर चालावा असाच बनवलेला होता, डावही दहा-एक मिनिटांचा. त्याची जास्त अवजड आवृत्ती, फ्री फायर मॅक्स, मात्र उपलब्ध राहिली. म्हणजे बंदीने पोरांना हलक्या गेमवरून जड गेमवर ढकलले! ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो आणि ते योग्यच झाले, पण किती तास खेळावे हा त्याचा विषय नाही.

व्यसन हा शब्द मी जपून वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण अटी कडक आहेत: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण बारा महिने चालून शिक्षण, घर, कामधंदा यांत मोठी बाधा येणे. सुट्टीत रोज दोन तास खेळणारे मूल यात बसत नाही. त्याला व्यसनी म्हणून हिणवण्याऐवजी डाव संपायला किती वेळ आहे ते विचारा आणि तो संपल्यावर मोबाईल मागा. मध्येच हिसकावल्याने होणारी आदळआपट निम्मी कमी होते. रात्री चार्जिंग मुलाच्या बाजेजवळ नको, स्वयंपाकघरात हवे, आणि हा नियम वडिलांच्या मोबाईललाही लागू हवा. रुळांवर, रस्त्याकडेला, पाण्याच्या काठी खेळ नाही, याला अपवाद नाही.

मूल जेवण सोडत असेल, शाळा सोडली असेल, मोबाईल काढून घेतल्यावर जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल तर ती धमकी समजून सोडून देऊ नका. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क, मराठीतही बोलता येते. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, पण तिथवर जायची गरज फार थोड्यांना पडते; सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून करा. आणि येताना मुलासोबत त्याचा मोबाईलही आणा. सेटिंगमध्ये कोणता गेम रोज किती तास चालला आणि मोबाईल रात्री किती वाजता शेवटचा वापरला, याची नोंद असते. आई सांगते ‘दिवसभर’, मुलगा सांगतो ‘अर्धा तास’, आणि खरा आकडा तिथे सापडतो.